छापावे

दाल बाजारात भर सकाळी, धुक्यात, रस्त्याच्या मधोमध एक माणूस मोबाईल वरच्या पाटीवर रोखून उभा होता, आणि त्याच्यामागे वनमालाची स्कूटी अडकली होती. तिने दोनदा हॉर्न दिला. तिसऱ्यांदा दिला. माणूस ढिम्म.

"भाईसाहब, हटिए ना," ती म्हणाली, आणि मग स्वतःशीच, "काय ध्यान आहे..."

"ध्यानच आहे," तो वळून शांतपणे मराठीत म्हणाला, "पण ती पाटी बघा तरी."

आता हिंदी मुलखातल्या या लष्कर भागातल्या मराठी माणसांची ही जुनी खोड. आपलं बोलणं बाजारात कोणाला कळतंय, या भरवशावर वाट्टेल ते बोलायचं, आणि मग असं तोंडघशी पडायचं. वनमालाचे कान तापले. तिने मुकाट्याने वर बघितलं. किराणा दुकानाची वरून खाली लिहिलेली पाटी होती. 'हल्दी' रंगवताना पेंटरने वर 'ह' काढला होता आणि खाली 'ल्दी' सबंध ठेवलं होतं. तेच इंटरनेटवर करायला गेलं की 'ल' एकीकडे, 'दी' एकीकडे, असं तो सांगत होता... एखाद्या आजारी माणसाबद्दल सांगावं तसं, कळवळून.

अकरा वाजता तोच माणूस ती काम करायची त्या वाचनालयाच्या दारात उभा.

लष्करातलं ते जुनं मराठी वाचनालय शहराच्या मोठ्या वाचनालयात विलीन होणार होतं. दोन्हीकडची पुस्तकं एकाच वेबसाईटवर जाणार होती, आणि त्या कामासाठी भोपाळहून सहा आठवड्यांसाठी आला होता तो हा कान्होजी. शिवाय आपली अक्षरं पडद्यावर कशी उभी राहावीत, हे ब्राउझर बनवणाऱ्यांना समजावून सांगणारी एक मंडळी होती, त्यांच्यातही तो होता. छापखान्यातले जुने नियम सांगणारं कोणी आहे का, असं त्याने विचारलं. वनमाला म्हणाली, "माझे बाबा."

रमाकांतांनी चाळीस वर्षं टोपी बाजारातल्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले होते. छापखाना बंद झाला, पाठोपाठ पत्नी पद्माबाई गेल्या, आणि खासगी बाजार भागातल्या घरात त्यांचं बोलणं हो-नाहीपुरतं उरलं. पण कान्होजीने मोबाईल पुढे केला, त्यावर 'श्री'चा नुसता 'श' भला मोठा आणि बाकीचं खाली बारीक पडलेलं दिसलं, तेव्हा ते ताडकन उठून बसले.

"खिळा तोडलात? अहो, याचं डोकं एकीकडे आणि धड एकीकडे."

त्या दिवसापासून कान्होजी रोज येऊ लागला. कधी तिळाची गजक घेऊन, कधी नुसतेच छापून आणलेले कागद घेऊन. छापखान्याची रीत बाबांनी घरात लागू केली. ज्याने जुळवलं त्याने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर नजर ठेवायची, तो कागद बाबांच्या स्टुलावर ठेवायचा, आणि सगळं ठीक असेल तर ते कोपऱ्यात 'छापावे' लिहून सही करायचे. त्या शब्दाशिवाय कधी मशीन फिरलं नव्हतं. पाच आठवडे उलटले तरी त्यांनी तो एकदाही लिहिला नव्हता. रोज काहीतरी चूक निघायचीच.

कान्होजी वाचायचा, वनमाला बघायची. स्वल्पविरामाला तो थांबला की ती नजर वर करायची... आणि मग पुढची ओळ दोघांनाही सापडायची नाही. तिला तो आवडू लागला होता. फार आवडू लागला होता. म्हणूनच तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याचे पूर्वज घोड्यावरून आले, तिचे पोथ्या घेऊन. दोनशे वर्षं एक मुलूख, एक भाषा, तरी सोयरीक नाही. शेजारच्या मुलीने असं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा बाबा "आपल्यात हे चालत नाही" एवढंच बोलून पानावरून उठले होते. त्यांना दुखवून उंबरा ओलांडायचा नाही, हे वनमालाने मनाशी पक्कं केलं होतं. आणि शनिवारी कान्होजी जाणार होता.

जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी तो नमुन्याची लग्नपत्रिका जुळवून घेऊन आला. मोठं श्री, अक्षरांमध्ये ऐसपैस जागा सोडलेली नावं, मधोमध बसवलेल्या ओळी... सगळ्या अवघड गोष्टी एकाच कागदावर. गच्चीवर ऊन होतं. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते.

"चि. कान्होजी," त्याने वाचलं.

"स्वतःचंच नाव?"

"'न्हो' तुटतो का, ते बघायचं होतं." तो पुढे वाचू लागला. "रमाकांत यांची कन्या, चि. सौ. कां. ..." आणि थांबला. तिथे नुसते ठिपके होते.

"वाचा ना," ती हळूच म्हणाली. "जुळवलंय ते वाचायचं असतं."

"जुळवलेलं नाही. विचारल्याशिवाय कसं जुळवणार?"

खाली रस्त्यावर कोणीतरी भाजीचा भाव करत होतं. वनमालाने पेन्सिल उचलली आणि ठिपक्यांवर आपलं नाव लिहिलं.

"मला तुम्ही हवे आहात," ती म्हणाली. "पण बाबा नाही म्हणाले, तर मी येणार नाही. हे लक्षात ठेवून जा."

त्याने मान हलवली. ती डोळे पुसत चहा करायला खाली गेली, तो कप आणायला मागोमाग. आणि जाताना पाच आठवड्यांच्या सवयीने तिच्या हाताने कागद नेमका बाबांच्या स्टुलावर ठेवला.

आठवलं तेव्हा चहा उकळत होता. ती धावत वर आली. बाबा भिंग लावून कागद बघत होते.

"वाचलं कोणी?"

"मी," मागून कान्होजी म्हणाला.

"बघितलं कोणी?"

"मी, बाबा."

"दोघांनी नीट बघितलंत म्हणता, आणि एवढी मोठी चूक?"

वनमाला कागद उचलायला पुढे झाली. बाबांनी पेन्सिल घेतली. स्वतःच्या नावापुढे त्यांनी लिहिलं... 'व कै. सौ. पद्मा'.

"हिची आई राहिली," ते म्हणाले. मग भिंग खाली ठेवलं. "रोज संध्याकाळी मीही दाराकडे बघत असतो, वनू. हा आला का म्हणून. तू एकटीच बघतेस, असं वाटलं होतं का तुला?"

त्यांनी कोपऱ्यात 'छापावे' लिहिलं आणि खाली सही केली.

"दुरुस्ती झाली की पुन्हा वाचायचं असतं," ते कान्होजीला म्हणाले. "वाच बाळा."

त्याने कागद घेतला आणि श्रीपासून वाचायला सुरुवात केली. ह्या वेळी तो कुठेच थांबला नाही. वनमाला शेजारी उभी राहून ओळींवर नजर ठेवत होती, पण डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला एकही अक्षर धड दिसत नव्हतं. तरी वाचून झाल्यावर तिने रीतीप्रमाणे सांगितलं, "बरोबर आहे."