साडेएकोणतीस इंच

"उसव," थोरली म्हणाली. "दोन्ही बाह्या उसव."

धाकट्या जावेने जाकीट मांडीवर ओढलं आणि खाली मान घालून ब्लेडने टाके कापायला लागली. तिचा तो चेहरा थोरलीला पाहवेना. दीड महिना ती या मुलीला असंच रडवत होती... आणि कारण सांगायची सोय नव्हती. आपण आता फार दिवसांच्या सोबती नाही, दोन शिलाई मशिनींचं हे दुकान आपल्यामागे हिलाच सांभाळायचंय. माया लावून शिकवलं तर उद्या हिचा जीव तुटेल, त्यापेक्षा रागावून शिकवलेलं बरं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

थोरलीची आई अशीच वाळत वाळत गेली होती. दोन वर्षांपूर्वी स्वतःचा कपडा बेतताना थोरलीची कंबर एकतीस इंच होती. मग तीस झाली. आता रोज आंघोळ झाली की ती श्वास रोखून टेप लावायची: साडेएकोणतीस. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, वजन केलं, रक्त पाहिलं, काही नाही म्हणाले. दवाखान्यातून घरी येईपर्यंत हायसं वाटायचं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा टेप हातात यायची. आईलाही आधी 'काही नाही' असंच सांगितलं होतं ना? मग खरं कोण, डॉक्टर की टेप? देवापुढे हात जोडले तरी काय मागावं तेच तिला सुचत नव्हतं.

"उसवून काय होणार?" धाकटी म्हणाली. "बाही लहानच पडतेय. बाही जोडायचा मुंढा तुम्ही कापलात, बाही मी कापली. तुम्ही सांगितलेल्या मापानेच कापली."

"मग माझं चुकलं म्हणतेस?"

"तुमचं कसं चुकेल, ताई? चुकायला मी आहे ना घरात." धाकटीने ब्लेड खाली ठेवलं. "नाहीतरी आम्ही दुसरं बिऱ्हाड बघतोय. पहिल्या तारखेला जाऊ. तुमच्या डोळ्यांसमोर नको आणि तुमच्या शिव्या नकोत."

थोरलीच्या हातातली कात्री टेबलावर आदळली. जिच्यासाठी हे सगळं केलं, तीच निघाली होती.

धाकटी मात्र हट्टाने जाकीट मापत होती. आधी तिच्या नव्या टेपने, मग थोरलीच्या गळ्यातली जुनी टेप ओढून घेऊन त्या टेपने. मग ती थांबली. दोन्ही टेपा तिने टेबलावर शेजारी शेजारी ताणून धरल्या. जुन्या टेपेचा तिसावा आकडा नव्या टेपेच्या एकतिसाव्याच्याही पुढे गेला होता.

"ही लांबलीय," धाकटी पुटपुटली. "दिवसभर इस्त्रीच्या वाफेत तुमच्या गळ्यात असते. सैल पडलीय पार."

थोरलीनं नवी टेप उचलली आणि धाकटीसमोरच कमरेला गुंडाळली. एकतीस. पुन्हा गुंडाळली. एकतीस.

"म्हणजे मी... वाळत नाहीये?"

"कोण वाळतंय? तुमचं काय चाललंय, ताई?"

मग थोरलीच्या तोंडून सगळं बाहेर आलं. रडत, अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे. आईचं दुखणं, रोजच्या सकाळी, तो वेडा बेत. धाकटी आधी गोंधळली, मग संतापली, मग तिच्याही डोळ्यांना धारा लागल्या.

"मी रोज रात्री यांना विचारायचे, माझं काय चुकलं म्हणून," ती म्हणाली. "आणि तुम्ही माझ्यासाठी मरत होतात? आजारी माणसाला इतकं भांडायची ताकद असते का हो?"

थोरलीला रडता रडता हसू आलं. पण हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटेना. टेप खोटी ठरली. भीती अजून होतीच, तिला आता धरायला आकडा नव्हता एवढंच.

"उद्या सकाळी मला पुन्हा वाटेल गं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "माझा भरवसा नाही."

"वाटलं तर मला हाक मारा. मापायचं मात्र नाही."

"हाक मारू तर कुठे? तू तर निघालीस."

धाकटीने नाक पुसलं. "मरणार होतात म्हणून शिकवत होतात. आता जगणार आहात, तर शिकवणार का?"

थोरलीनं आपलं स्टूल उचललं, धाकटीच्या मशिनीला खेटून ठेवलं आणि बसली.

"कॉलर शिकायची राहिलीय तुझी," ती म्हणाली. "हळूहळू करू. घाई नाही."

धाकटीने मशिनीखाली कापड सरकवलं.

"यांना सांगते," ती म्हणाली, "खोली नको म्हणून."