काळे जाकीट

डेप्युटी शेरीफ हार्लन प्रुइट थिएटरच्या मागच्या अंगणात पोचला तेव्हा पत्र्याच्या डब्यात राखच उरली होती. जॅक्सनव्हिलच्या कंपनीचा एका रिळाचा विनोदी मूकपट. मूळ फीत आणि एकुलती एक प्रत, दोन्ही त्यात जळाल्या. आदल्या दुपारी गावाच्या समितीने तो पाहून मंजूर केला होता. बंदोबस्ताला दाराशी उभ्या असलेल्या प्रुइटनेही तो पाहिला होता.

साक्षीदार एकच, समितीचे अध्यक्ष पाद्री एझ्रा विलोबी. त्यांच्या शब्दावर शंका घेण्याची गावाला सवय नव्हती. म्हाताऱ्या मिसेस ओक्स हौदापाशी पडून कंबर मोडून बसल्या, त्यावर गेल्याच रविवारी पाद्रींनी प्रवचन दिले होते: "जे उभे राहून हसले त्यांनी देवाला तोंड दाखवू नये. मी तिथे असतो तर तिला उचललं असतं."

"तो जाड्या टॅन्सी होता," पाद्री म्हणाले. "कुंपणावरून पळाला."

"चेहरा दिसला?"

"पाठमोरा होता. पण ते धूड आणि ते काळं जाकीट! चुकेन कसा?"

"सावलीत होता का?"

"भर उन्हात, डेप्युटी."

"याआधी त्याला पाहिलं होतंत?"

"त्या सिनेमावाल्यांच्या आवारात मी पाऊल टाकत नाही. कालच्या चित्रात पाहिलं तेवढंच."

कंपनीचा विनोदी नट ऑर्विल टॅन्सी याला चित्रीकरणातूनच उचलून आणले होते. चेहऱ्यावरच्या पांढऱ्या भुकटीतून घामाचे ओघळ उतरले होते आणि लाल जाकीट पोटावर ताणले होते. कंपनीच्या मालकाशी त्याचे कडाक्याचे भांडण झाल्याचे सगळ्यांना ठाऊक होते. गुन्हा शाबित झाला तर कैद्यांच्या साखळदंडाच्या टोळीत खडी फोडायची. त्या देहाने तिथला एक उन्हाळाही काढला नसता.

"कालच्या चित्रात हेच जाकीट होतं?"

"दुसरं आहे कुठे, साहेब? या मापाचं शिवायला शिंपी तंबूवाला लागतो."

"आणि ओठ का रंगवले नाहीत? बाकी थोबाड तर चुन्यात बुडवलंय."

"लाल लावलं की पडद्यावर कोळसा खाल्ल्यासारखं दिसतं."

"चित्रात तू हौदापाशी पळताना दिसतोस. तिथे खरंच गेला होतास?"

"मी आवाराबाहेर गेलोच नाही. हौदाजवळची गर्दी कॅमेरावाल्याने एकट्याने जाऊन गुपचूप टिपली. मग तुकडे जोडले."

प्रुइट पुन्हा अंगणात गेला. डब्याच्या झाकणाला फितीचा बोटभर तुकडा चिकटून राहिला होता. त्याने तो उजेडाकडे धरला आणि भिंग लावले.

चर्चमागच्या खोलीत त्याने तुकडा टेबलावर ठेवला.

"टॅन्सीचं जाकीट लाल आहे, पाद्रीसाहेब. उन्हात ते लालच दिसणार. लाल रंग काळा दिसतो तो फक्त त्या फितीवर. तुम्ही आज सकाळी माणूस पाहिला नाहीत; कालचं चित्र आठवून सांगितलंत. म्हणजे साक्ष खोटी. खोटी का, ते या तुकड्यात आहे. हौद आहे, मिसेस ओक्स चिखलात पडल्या आहेत, मागे एक माणूस उभा आहे. तोंड उघडं, हात पोटावर. डबा तुम्हीच जाळलात."

विलोबींनी भिंगाला हात लावला नाही.

"ती छत्रीसकट गिरकी घेऊन पडली," ते हळूच म्हणाले. "हसू आवरलं नाही. मग लाज वाटली, तसाच निघून आलो. आणि वर प्रवचन दिलं."

"एका निर्दोष माणसाला खडी फोडायला पाठवत होतात."

"हो." मग त्यांनी विचारले, "काल पडद्यावर मला कोणी ओळखलं कसं नाही, डेप्युटी? तुम्हीही तर दाराशी उभे होतात."

प्रुइटने तुकडा पाकिटात घातला आणि टोपी उचलली. "चला," एवढेच तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने कोठडीचे कुलूप काढले आणि टॅन्सीला सगळी हकिगत सांगितली. टॅन्सीने ती मान खाली घालून ऐकली. दारात थांबून, धंद्याच्या सवयीने, त्याने एकच गोष्ट विचारली.

"म्हातारी पडते तिथे हशा आला होता का, साहेब?"

प्रुइट जुडग्यातली किल्ली उगाच शोधत राहिला.

"आला होता," तो म्हणाला. "दारापर्यंत."