शेवटच्या चढाईचा दम

कराडच्या कबड्डी कीर्तिदालनात दरवर्षी एक भांडण ठरलेलं असायचं, आणि त्या भांडणासाठी निवड समितीतल्या छायाताई जंगम आदल्या दिवसापासून घसा सांभाळायच्या. कीर्तिदालनात गाजलेल्या खेळाडूंची नावं लागायची; त्यांत वर्षाला एकच नाव असं असायचं, ज्याला खेळत असताना कुणी धड विचारलं नव्हतं. 'राहून गेलेल्यांची जागा' असंच तिला म्हणत. एरवी एकमेकांच्या गुडघेदुखीची आपुलकीनं चौकशी करणारे समितीचे पाचही जण या बैठकीत मिसळ गार झाली तरी तिच्याकडे बघत नसत.

"बाळू तांदळे! दुसरं नावच काढू नका," अध्यक्ष आबा इंगवल्यांनी टेबलावर हात आपटला. "एका चढाईत पाच गडी बाद केलेत पठ्ठ्यानं. या डोळ्यांनी बघितलंय मी."

"गेल्या वर्षी चार होते, आबा," काणेमास्तर शांतपणे म्हणाले. "दर बैठकीला एक गडी वाढतोय."

यंदा मात्र मास्तरांच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती. मिसळीच्या पातेल्याशेजारी एक करडी पेटी ठेवलेली होती आणि तिच्यामागे डॉ. स्नेहल वाघमोडे नावाची संशोधक बसली होती. पेटीचं नाव ध्वनिचाळणी. गेल्या वर्षी तिच्या जोरावर पोलिसांनी दोन खटले जिंकले होते. कबड्डीच्या कामाला ती यंदा पहिल्यांदाच जुंपली होती.

"पूर्वी स्पर्धेतला भोंगेवाला समालोचन कॅसेटवर उतरवून ठेवायचा," स्नेहल म्हणाली. "तुमच्या कपाटात अशा चारशे कॅसेट आहेत. त्यांत समालोचकाच्या मागं मैदानावरचा प्रत्येक आवाज आहे, फक्त एकमेकांत कालवलेला. बोटांसारखा गळ्याचाही ठसा असतो. आम्ही त्याला कंठठसा म्हणतो. पेटी तो ओळखते आणि एकेक आवाज चाळून बाजूला काढते. आवाज मैदानामागच्या पत्र्याच्या भिंतीवर आपटून किती उशिरा परतला, यावरून कोण कुठं उभं होतं तेही सांगते."

"मग आता ऐका," मास्तर उभेच राहिले. "गुणपत्रकात चढाईचे गुण खेळाडूच्या नावावर लागायचे आणि पकडीचे संघाच्या. म्हणून डाव्या कोपऱ्यातल्या शालन बुरुंगलेच्या नावापुढं काय आहे? भोपळा! पण पकड झाली की चढाई करणारीचा दम मधेच कापला जातो, आणि तो कुठं कापला गेला ते ही पेटी दाखवते. अकरा सामने चाळले आम्ही. एकट्या डाव्या कोपऱ्यात त्रेपन्न पकडी!"

"त्रेपन्न?" आबा बाळू तांदळेला क्षणभर विसरले. "अकरा सामन्यांत? अरे, मग ही पोर होती तरी कोण?"

छायाताईंना उत्तर माहीत होतं. शालन त्यांच्याच संघातली होती, आणि छायाताई तिच्या कर्णधार होत्या. कीर्तिदालनाचा एक नियम होता. खेळाडूचा कर्णधार हयात असेल, तर अर्जावर त्याची सही लागायची, कारण सोबत खेळलेल्या माणसाला कागदापेक्षा जास्त कळतं. शालनचा अर्ज नऊ वर्षं येत होता आणि सहीची चौकट नऊ वर्षं कोरी राहत होती.

"पकडी मलाही माहीत आहेत, मास्तर," छायाताई म्हणाल्या. "शेवटची तेवढी सांगा की."

अठ्ठ्याण्णवची राज्य स्पर्धेची अंतिम लढत तिथल्या सगळ्यांनाच ठाऊक होती. छायाताईंचा संघ एका गुणानं पुढं होता. विरोधी संघाची हेमा शेवटची चढाई करत होती. शालननं तिचा घोटा धरला तेव्हा मध्यरेषा वीतभर लांब होती. आणि मग काहीही कारण नसताना शालननं घोटा सोडला. हात वर करून ती पंचाला म्हणाली, दम तुटला, ही बाद. पंचानं नकारार्थी मान हलवली. हेमा दोन गुण घेऊन रेषेपार गेली आणि सामना गेला.

"सामन्यानंतरच्या चौकशीत मी सांगितलं तेच आजही सांगते," छायाताईंचा आवाज चढला. "मी दोन पावलांवर होते. घसा फोडून ओरडत होते, धर, शालन, धर! आणि तिनं सोडलं. लोक म्हणाले ती फितूर झाली. तसं मी कधी म्हटलं नाही. पण कर्णधाराचं न ऐकणाऱ्या पोरीसाठी मी सही करणार नाही."

शालनला त्यानंतर कुठल्याच संघात घेतलं नाही. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

"तीच कॅसेट आणलीय," स्नेहल म्हणाली. "अजून चाळलेली नाही. तुमच्यासमोरच चाळावी असं मास्तर म्हणाले. ताई, तुमचा आवाज जरा द्याल? तो वेगळा काढला की हेमाचा दम स्वच्छ ऐकू येईल. वयानं आवाज बदलतो, त्याचा अंदाज पेटी घेते."

"घ्या की!" छायाताई पेटीकडे झुकल्या आणि पासष्टाव्या वर्षी त्यांनी असा आवाज लावला, की बाहेरचा शिपाई दार उघडून बघून गेला. "धर, शालन, धर! हेच शोधा. सापडेल."

कॅसेट सुरू झाली. आधी नुसता गोंगाट होता. स्नेहलनं एक कळ दाबली आणि समालोचक गेला. दुसरी दाबली आणि तीन हजार माणसं गप्प झाली. शिट्ट्या गेल्या, हलगी गेली. उरला एका मुलीचा आवाज, अडतीस वर्षांपूर्वीचा आणि तरी याच खोलीत घुमत असलेला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, कबड्डी. नकळत छायाताईंनी खुर्चीतच पाय रोवले होते.

धपकन आवाज झाला. शालनची पकड. दम अडखळला, ओढला गेला, कबड्डी, कब... आणि मग एक बारीकसा, आत घेतलेला श्वास. पेटीच्या पडद्यावरची रेघ खाली गेली आणि पुन्हा वर आली. कबड्डी, कबड्डी.

"परत लावा!" आबा ओरडले.

तीनदा लावलं. तिन्ही वेळा श्वास तिथंच होता.

"पाव सेकंद," स्नेहल म्हणाली. "आत घेतलेला श्वास आहे. पेटीला यात शंका नाही."

"तुटला! दम तुटला!" ऐंशी वर्षांचे आबा उठून अक्षरशः नाचले आणि मिसळीचं पातेलं कलंडलं. मास्तर चष्मा काढून डोळे पुसत होते. छायाताईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. आपण जिंकलो होतो! अडतीस वर्षांनी का होईना, आपण जिंकलो होतो! वेडी पोर खरंच बोलत होती. सही आत्ताच करून टाकायची, असं म्हणत त्यांनी पेन काढलं.

"पण शालनला हे ऐकू कसं आलं?" मास्तर पुटपुटले. "एवढा गोंगाट, आणि तिचं तोंड तर मातीत होतं, घोट्यापाशी. पंचालासुद्धा ऐकू आलं नाही."

"हेमाच्या तोंडाजवळ आणखी कुणीतरी होतं," स्नेहल पडद्याकडे बघत म्हणाली. "कंबर धरायला आलेलं, हातभर अंतरावर. तो आवाज मी बाजूला ठेवलाय."

तिनं कळ दाबली.

"सोड! दम गेला तिचा! शालन, सोड!"

सत्तावीस वर्षांचा, धारदार, हुकूम करायची सवय असलेला आवाज. पडद्यावर कॅसेटमधला आणि मघाशी दिलेला असे दोन कंठठसे एकमेकांवर बसले आणि हिरवे झाले. पडद्याची दिशा अशी होती, की ते फक्त स्नेहलला आणि छायाताईंना दिसत होतं. स्नेहलनं कळीवरचं बोट तेवढं काढून घेतलं.

गप्प बसता आलं असतं. दम तुटला हे सिद्ध झालंच होतं. सही झाली की शालनचं नाव लागणार होतं आणि तो आवाज कुणाचा, हे विचारायचं आबांच्या ध्यानातही नव्हतं. छायाताईंना धर, धर आजही स्पष्ट आठवत होतं, घशातल्या खरखरीसकट. आणि समोर त्यांचाच गळा 'सोड' म्हणत होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"माझा आहे तो," त्या म्हणाल्या. "सोड मीच म्हणाले. तिनं कर्णधाराचं ऐकलं होतं."

त्यांनी अर्जावर सही केली, मास्तरांकडून नंबर घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला. शालनची ओगलेवाडीत रोपवाटिका होती. फोन उचलला तेव्हा मागं पाण्याच्या पाइपचा आवाज येत होता.

"शालन, मी छाया जंगम."

पाणी बंद झालं. "बोला, कॅप्टन."

छायाताईंनी सगळं सांगितलं. श्वासाचं आधी, 'सोड'चं नंतर. पलीकडून हसू आलं, आणि हसता हसता ते रडू झालं.

"म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं? अगं बाई! मला वाटलं माझेच कान फसले. तुम्ही चौकशीत धर म्हटल्याचं सांगितलंत. म्हटलं, कॅप्टन कशाला खोटं बोलतील? आपलंच चुकलं असणार. पोरींना कबड्डी शिकवा म्हणून शाळेतून किती बोलावणी आली, गेले नाही. ज्याला नीट ऐकू येत नाही त्यानं काय शिकवायचं?" ती थांबली. "उद्याच जाते आता. उद्याच! आणि ते यंत्र बघायला येऊ का मी? माझी पकड ऐकायचीय मला."

"ये गं. त्रेपन्न आहेत."

"त्रेपन्न!" ती पुन्हा हसली. आबांनी लांबूनच टाळी दिल्यासारखा हात केला. मग शालनचा आवाज जरा हळू झाला. "कॅप्टन, एक विचारू? राग नाही ना येणार? चौकशीत बोलताना तुम्हाला खरंच धर म्हणाल्याचं आठवत होतं?"

छायाताईंनी पेटीकडे बघितलं. "डॉक्टर," त्यांनी फोनवर हात ठेवून विचारलं, "बोलणाऱ्याला ते खरं वाटत होतं की नाही, हे कळतं का हो यात?"

स्नेहलनं मान हलवली. "गळ्यातून निघालं तेवढंच कळतं, ताई."

छायाताईंनी फोनवरचा हात काढला.

"कॅप्टन?" पलीकडून शालन म्हणाली. "आठवत होतं ना तुम्हाला?"