शेळ्यांचं मलम आणि मी

अमेरिकेत, व्हर्मॉन्टमधल्या आमच्या गावच्या शनिवारच्या बाजारात, ऐन जुलैच्या उन्हात, हातमोजे घालून मी शेळीचं चीज निवडत होते. तेवढ्यात स्टॉलमागून आवाज आला.

“बँक लुटून आलीस, की आता निघालीस?”

मान वर केली. रापलेला चेहरा, केसांत गवताची काडी... आणि वर तोंड करून हसणं! माझं डोकंच फिरलं. मी एक मोजा ओढून काढला आणि हात त्याच्या नाकासमोर धरला. लाल, भेगाळलेला, लहानपणापासूनचा एक्झिमा. लोक अशा वेळी नजर वळवतात. हा पठ्ठ्या वाकून निरखत बसला.

“आमच्या क्लोव्हरच्या सडांनाही थंडीत अशाच भेगा पडतात.”

“क्लोव्हर कोण?”

“शेळी.”

त्याने पत्र्याची एक डबी पुढे सरकवली. “कॅलेंड्युलाची फुलं आणि मधमाश्यांचं मेण. मावशी करते. अजून एकाही शेळीची तक्रार नाही.”

त्याचं नाव वेंडेल थिबो. त्या आठवड्यात मी कित्येक महिन्यांनी न खाजवता झोपले. देवाचे, मावशीचे, अगदी क्लोव्हरचेही मनापासून आभार मानले. मग मावशीच्या स्वयंपाकघरात बसून ते मलम करायला शिकले. त्यात मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबीही असायची; ती मला सोसेना, म्हणून काढली. फुलं सूर्यफुलाच्या तेलात मुरवली. पुढच्या उन्हाळ्यात वेंडेलच्या शेजारीच माझा स्टॉल लागला.

“मॅडम, दाढीसाठी काही आहे का?” तो दर शनिवारी छेडायचा.

“शेळीच्या, की तुझ्या?”

हसणं खूप व्हायचं, विक्री मात्र होईना. हंगाम संपेपर्यंत जम बसला नाही, तर व्हर्मॉन्ट सोडून ओहायोला दादाकडे जायचं ठरलं होतं. धंदा बुडेल याचं दुःख होतंच... पण शेजारचा स्टॉल सुटेल, ते जास्त छळत होतं.

हंगामाच्या शेवटच्या शनिवारी गावातल्या गॅन्यों आजी आल्या. डबी हुंगली, माझ्या मोजे घातलेल्या हातांकडे पाहिलं.

“पोरी, मलम एवढं गुणी, तर हात का झाकतेस?”

नेमकं त्याच आठवड्यात सगळं पुन्हा उफाळलं होतं. हे हात पाहून माझं मलम कोण घेणार? वेंडेल आपलं गिऱ्हाईक सोडून माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

“काढ,” तो हळूच म्हणाला. “मी आहे.”

मी मोजे काढले. “आजी, हा आजार याने जात नाही. आग निवते, भेगा मिटतात, मला झोप लागते... एवढंच.”

आजींनी चष्मा लावून दोन्ही हात पाहिले. “माझ्या नातीलाही हेच आहे. ‘बरं करतो’ म्हणणारे खूप भेटले. तीन डब्या दे.”

आणि मग वळून, साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी आपल्या मैत्रिणींना हाका मारल्या. दुपारपर्यंत टेबल रिकामं!

“वेंडेल, तुझे उपकार मी कसे...”

“उपकार राहू दे. ओहायोला जाऊ नकोस.” त्याचे कान लाल झाले होते. “मला तू इथे हवी आहेस. फक्त शनिवारी नाही... रोज.”

“एवढं सांगायला वर्ष लागलं?”

“शेळ्यांशी बोलायची सवय. त्या उत्तर मागत नाहीत.”

मी माझा उघडा हात त्याच्या हातात ठेवला. त्याने तो धरला, आणि लगेच पकड सैल केली.

“दुखतंय?”

“दुखतंय,” मी म्हणाले. “पण सोडू नकोस.”