पायाळू बाळ आणि बंद दार

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. सुकन्या माझी आत्येबहीण. अर्धापूरजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात ती नर्स आहे. गेल्या चैत्रातली भरदुपार...

करिश्माला सातवाच महिना होता. सासू सगुणाबाई आणि नवरा व्यंकट तिला जीपमधून घेऊन आले, तेव्हा कळा सुरू झालेल्या. सुकन्यानं तपासलं. हाताला लागले... पाय.

एवढंसं बाळ, तेही पायाळू. अशांचं धड निसटून येतं आणि डोकं मागे अडकतं. हे नांदेडलाच व्हायला हवं होतं, सिझर करून. पण ॲम्ब्युलन्सला अजून पाऊण तास होता.

"मावशी, आत या! मला एक माणूस लागतोय," तिनं दाराबाहेर थांबलेल्या सगुणाबाईंना हाक मारली.

कोणी आलं नाही. सुकन्या दाराकडे धावली. कडी काढलेलीच होती...

दार उघडेना.

तिनं खांदा लावला. लाथ मारली. दार जागचं हललं नाही.

बाहेर सगुणाबाई रेणुकामातेचा धावा करत होत्या. तो मध्येच तुटला. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येईना...

"बाई, आलं वं..." करिश्मा कण्हली.

पाय आले. कंबर आली. खांदे आले.

आणि डोकं अडकलं.

सुकन्यानं बाळाला हातावर तोललं. आता वरून पोट दाबायला दुसरे हात हवे होते. तिचे दोन्ही गुंतलेले. बाळ निळं पडत चाललेलं.

"कोणीतरी या गं..."

तेवढ्यात करिश्माच्या ओटीपोटावर खळगे पडले.

एक... दोन... चार.

बोटांचे. नेमके जिथं दाबायचं तिथंच.

हात मात्र दिसत नव्हता.

डोकं सुटलं. बाळ रडलं. पंखा घरघरू लागला आणि दार आपसूक उघडलं.

सुकन्या सगुणाबाईंवर ओरडली, "हाक ऐकू आली नाही का?"

"आली की. आम्ही येतच हुतो. तर आतून दुसऱ्या बाई म्हनल्या, मी हाय, तुम्ही येऊ नका."

सुकन्यानं वळून पाहिलं; आत करिश्मा आणि बाळाशिवाय कोणी नव्हतं. बाळाला आईच्या छातीशी गुंडाळून तिनं नांदेडला नेलं. वजन अकराशे ग्रॅम. दीड महिना काचेच्या पेटीत काढून शिवांश जगला.

मागच्या आठवड्यात करिश्मा त्याला लसीला घेऊन आली होती. सासू बाहेर गेल्याचं बघून ती हळूच म्हणाली, "सिस्टर, त्या दिवशीच्या बाई कोण हुत्या? हात लई गार हुते त्यांचे."

"का गं?"

"माझ्या कानात म्हनल्या... हे तुझं. पुढचं माझं."

करिश्माला तिसरा महिना लागलाय.

तिला काय सांगावं, हे सुकन्यानं मला फोन करून विचारलं. मी अजून तिला उलट फोन केलेला नाही.