उभं राहून घेतलेलं माप

"श्रीपाद आगटे म्हणून तुमचे पेशंट आहेत. आज सकाळी त्यांचं बीपी तुमच्याकडे आलं का?"

डोंबिवलीहून सब-इन्स्पेक्टर मेघना साळवी बोलत होत्या. दर्शनानं कॉम्प्युटरवर नाव शोधलं. ठाण्यातल्या एका मधुमेह केंद्रात ती नर्स होती. मधुमेहाचे पेशंट घरच्या घरी बीपी मोजायचे आणि मशीनमधले आकडे मोबाइलवरून थेट तिच्या स्क्रीनवर यायचे.

"आलंय ना. बसून एकशे अठ्ठावीस, उभं राहून एकशे सव्वीस. छान आहे की."



"मॅडम, हा माणूस परवापासून इथल्या कोपरच्या घरात जमिनीवर पडून होता. हॉस्पिटलमध्ये आणलंय, अजून शुद्धीवर नाही. मग उभं कोण राहिलं?"

दर्शनानं परवाचं माप उघडलं, कालचं उघडलं. दोन्ही दिवशी बसून एक, उभं राहून एक. दोन्ही चांगली. फक्त आकड्यांशेजारी हृदयाची ती बारीक खूण होती, नाडी मध्येच चुकत असली की मशीन उमटवतं ती. मार्चपासून ती रोज दिसत होती. दर्शनानं कितीदा तरी मेसेज केला होता, "काका, ईसीजी काढून घ्या." उत्तर ठरलेलं असायचं. "डॉक्टरांना दाखवलं. काळजी नसावी."

आगटेकाकांना ऐकू कमी यायचं, म्हणून सगळं मेसेजवरच चालायचं. त्यांचा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता.

"मी येते तिकडे," ती म्हणाली.

शीळफाट्याला गाड्या खोळंबल्या होत्या. रिक्षात बसून दर्शना मोबाइलवर काकांचे जुने आकडे मागे मागे नेत राहिली. मार्चच्या आधी काकांचं बीपी उभं राहिल्यावर एकदम तीसने उतरायचं. मधुमेह फार जुना झाला की नसा दुबळ्या होतात, उठताना रक्तदाब सांभाळता येत नाही, माणसाला अंधारी येते. म्हणून तर ही दोन मापं. मार्चनंतर ती घसरण थांबली होती. औषध लागू पडलं, असं समजून तेव्हा तिला बरं वाटलं होतं.

आता बरं वाटत नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी थोडक्यात सांगितलं. "खुब्याचं हाड मोडलंय. पोटात पाणी नाही, साखर चढलेली. उठताना चक्कर येऊन पडले असणार. हृदय मात्र चांगलं आहे. आल्यापासून मॉनिटरवर आहेत, ठोके एकदम नियमित."

दर्शनानं काचेतून पाहिलं. अंगानं अगदी बारीक माणूस. चादरीवर ठेवलेल्या बोटांच्या नखांत निळा रंग. शाळेत चित्रकला शिकवायचे, एवढंच तिला माहीत होतं. इतके महिने रोज सकाळी ती या माणसाला भेटत आली होती आणि चेहरा आज बघत होती.

बाहेर बाकावर पंचविशीतला एक तरुण बसला होता. शेजारी हवालदार.

"हा राजरत्न," मेघना म्हणाल्या. "सकाळी यायचा, इन्सुलिन द्यायचा. मार्चपासून कामावर आहे. दोन दिवस दांडी मारली आणि आज येऊन म्हणतो, दार उघडलं तर काका पडलेले. घरात बीपीचं मशीन नाही, मोबाइल नाही. मला सरळ दिसतंय. मशीन यानं घरी नेलं, स्वतःच्या दंडाला बांधलं, आकडे पाठवले. म्हणजे हा येत नाही हे कुणाला कळायला नको."

"मॅडम, मी ते मशीन कधी बघितलेलंच नाय," राजरत्न म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "बहिणीचं लग्न होतं म्हणून गेलेलो. काकांना सांगून गेलेलो. त्यांच्या मुलालापण फोन केलेला. ते म्हणाले, तू जा, मी जातो बाबांकडे."

"मुलगा म्हणतो, फोन आला होता, पण पगार वाढवून मागायला."

"खोटं आहे!"

तेवढ्यात मुलगा कॅन्टीनकडून आला. सौमित्र आगटे, घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहणारा, चाळिशी ओलांडलेला, भारदस्त. दाढी वाढलेली. दर्शनानं ओळख सांगितली.

"मशीन कुणी घेतलं होतं?" तिनं विचारलं.

"अंतरानं. माझी बहीण, कॅनडात असते. आई गेल्यावर तिनंच तुमच्याकडे नाव घातलं. आकडे तिलाही जातात. रोज बघते आणि अंगठा पाठवते."

"काका एकटेच राहायचे?"

"थोडे दिवस माझ्याकडे होते. मार्चमध्ये परत कोपरला गेले. त्यांचा हट्ट."

"मशीन, मोबाइल घेऊन?"

"अर्थात. राजरत्नच सगळं करायचा."

"करायला अवघड नाही तसं," दर्शना सहज म्हणाली.

"अवघड नाही, पण कंटाळवाणं. बसून घ्यायचं, मग उठून एक मिनिट नुसतं उभं राहायचं. ते मिनिट संपता संपत नाही."

दर्शना राजरत्नसमोर जाऊन बसली.

"हात दे रे जरा."

त्यानं हात पुढे केला. तिनं मनगटावर बोटं ठेवली आणि डोळे मिटले. घाबरल्यामुळे नाडी पळत होती, पण एकही ठोका चुकत नव्हता.

ती उठली. "आता तुमचा."

"माझा कशाला?" सौमित्र एक पाऊल मागे सरला.

"द्या की," मेघना म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता.

त्याचं मनगट जाड, गार पडलेलं. दर्शनाच्या बोटांखाली तीन ठोके नीट गेले, चौथा आलाच नाही. मग दोन घाईघाईनं आले. पुन्हा एक गायब. तिनं हात सोडला नाही.

"मॅडम, मार्चपासून आलेलं प्रत्येक माप एकाच माणसाचं आहे," ती मेघनांना म्हणाली. "त्या माणसाची नाडी चुकते. काकांची चुकत नाही, आतल्या मॉनिटरवर दिसतंय. आणि काका उभे राहिले की त्यांचं बीपी कोसळतं. दुबळ्या झालेल्या नसा अशा एका दिवसात सुधारत नाहीत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. म्हणजे मार्चमध्ये काका कोपरला गेले आणि मशीन दुसऱ्याच्या दंडावर गेलं. राजरत्न तेव्हाच कामाला लागला, म्हणून मीही आधी त्याच्यावरच संशय घेतला. पण याची नाडी ठीक आहे." ती सौमित्रकडे वळली. "आणि ते मिनिट किती लांबतं, हे बघणाऱ्याला कळत नाही. उभं राहणाऱ्यालाच कळतं."

मेघनांनी विचारलं, "तुमच्या घराची झडती घ्यायची, का सांगताय?"

सौमित्र बाकावर बसला. बसला म्हणण्यापेक्षा ढासळला.

"खाली गाडीत आहे. मशीनही, बाबांचा मोबाइलही."

"का केलंत?"

"भांडण झालं. मी ओरडलो त्यांच्यावर. नको ते बोललो. ते अंगावरच्या कपड्यांनिशी निघून गेले, मोबाइल टेबलावर ठेवून. अंतराला मी शब्द दिला होता की बाबा माझ्याजवळ राहतील. दुसऱ्या दिवशी आकडे गेले नाहीत, तर तिचा मेसेज आला, बाबा बरे आहेत ना? मी पट्टा स्वतःच्या हाताला बांधला. वाटलं, एवढा आजचा दिवस. आठवड्यात त्यांना परत आणू."

"आणि मेसेज?"

"तेही मीच लिहायचो, पहिल्यापासून. मोबाइलवरचं बाबांना जमायचंच नाही."

"बाबांनीसुद्धा बहिणीला काही कळवलं नाही?"

"ते कशाला सांगतील? मला नावं ठेवली जातील म्हणून गप्प राहिले." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "घरी मी एकटाच असतो. बायको पुण्याला असते, आता येणार नाही. सकाळी ते मशीन गुरगुरायचं, दंड आवळायचं, मग तुमचा मेसेज यायचा, काका, चहा झाला का. दिवसभरात तेवढंच कुणीतरी विचारायचं."



मेघनांनी आवाज चढवला. "राजरत्ननं फोन केला होता ना? जातो म्हणालात ना?"

"निघालो होतो. घोडबंदरला ट्रॅफिकमध्ये अडकलो. तिथं वाटलं, गेलो आणि त्यांनी दारच उघडलं नाही तर? पुढच्या वळणावरून मागे फिरलो. म्हटलं, उद्या. उद्या पुन्हा तेच."

"आणि आज या पोरावर ढकललंत."

सौमित्रनं मान खाली घातली. राजरत्न त्याच्याकडे बघत होता. त्याला राग यायला हवा होता. तो फक्त म्हणाला, "काका रोज विचारायचे, सौमित्रचा फोन आला का. मी सांगायचो, बिझी असतील."

मेघनांनी हवालदाराला खूण केली. राजरत्नच्या बाजूचा हवालदार उठून सौमित्रच्या बाजूला उभा राहिला.

"जायच्या आधी एक," दर्शना म्हणाली. "तुम्ही ईसीजी काढून घ्या. खरंच. तीन महिने मला ज्याच्या हृदयाची काळजी वाटत होती, तो माणूस तुम्ही आहात."

तो हवालदाराबरोबर चालू लागला.

अंतराला फोन दर्शनानंच केला. तिकडे पहाट असावी. ती आधी रडली, मग म्हणाली, "पण आकडे तर छान येत होते हो." तेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

संध्याकाळी काकांनी डोळे उघडले. दर्शना खुर्चीत होती. निघायचं म्हणता म्हणता तिचा पाय निघाला नव्हता. तिच्या खोलीवरही कुणी वाट बघत नव्हतं. कानाशी वाकून तिनं नाव सांगितलं, ठाण्याहून आलेय म्हणाली. काकांना नाव ओळखीचं वाटलं नाही. कसं वाटणार? तिचा एकही मेसेज त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

"सौमित्र आला होता का?" त्यांनी विचारलं. आवाज खोल होता, शब्द नीट.

बिझी असतील, असं सांगणं सोपं होतं. दर्शनानं त्यांचा हात हातात घेतला.

"आले होते. पोलिसांबरोबर गेलेत."

कशासाठी, ते काकांनी विचारलं नाही.

"सकाळपासून त्यानं काही खाल्लं होतं का?" त्यांनी विचारलं.