चौथ्या सिलिंडरचं मिसिंग

लाइट जाऊन तास झाला होता. ओट्यावर चटई टाकून सगळे बसले होते. नवी सून निशा उंबऱ्याला टेकून, तिचा धाकटा दीर शिवम मोबाइलची बॅटरी वाचवत, आणि मधोमध त्रिंबकमामा तंबाखू मळत. घरात मामा बोलायला लागले की आत भांडी घासणंही हळू होतं, हे पंधरा दिवसांत निशाच्या ध्यानात आलं होतं.

शिवमनं मुद्दाम काडी टाकली. "मामा, गाडीत भूत असतं का हो?"

मामांनी चिमूट दाढेखाली सरकवली. "भूत-बीत मला ठाऊक नाय. पण चितेगावचा कडुबा मेस्त्री मला ठाऊक आहे. गाडी नीट झाली नाय तर नाय झाली म्हणतो. असा मेस्त्री खोटं कशाला बोलंल? त्याच्यासंगं झालं ते सांगतो. एकोणीस डिसेंबर. ना आवस, ना पुनव. साधा मंगळवार."

तर त्या मंगळवारी दुपारी कडुबा वीस किलोमीटरवरच्या शहरात गेला तो दोस्ताचा स्कॅनर मागून आणायला. स्कॅनर म्हणजे गाडीला वायर लावली की तिचं काय दुखतंय ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. कडुबाकडं स्वतःचा होता, पण त्याला वेड लागलंय अशी कडुबाची खात्री झाली होती.

वेड लावलं राजकुमारच्या गाडीनं. राजकुमार बिडकीनचा, तिथल्याच एका कंपनीत कामाला. त्याची बायको रत्नमाला पोटुशी, दवाखाना शहरात, म्हणून त्यानं जुनी पण टुमदार गाडी घेतली. छोटी, टर्बोवाली, तीन सिलिंडरची. आणि ती गाडी मिसिंग मारायची. वेग घेतला, टर्बोनं दम भरला, की मधेच एक ठोका गाळायची. अंगभर थरथर, जसं कुणाला हुंदका यावा. वर पिवळा दिवा. नववा महिना लागलेला. ऐन वेळी ही रस्त्यात बसली तर?

कडुबानं आधी प्लग बदलले. मग कॉइलची अदलाबदल केली. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर ठिणगी देणारी एकेक कॉइल असते. ती दुसऱ्या जागी लावली की दोष तिच्या मागं चालत जातो, आणि चोर सापडतो. चोर काही चालला नाही. मग टर्बोच्या हवेच्या पाइपांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधले, कुठं गळतंय का म्हणून. एक बुडबुडा नाही. आणि दर वेळी ट्रायल मारली की गाडी लोण्यासारखी. दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरतो ना, तशी.

"भाऊ, रत्नमाला बसली की मारती. मी एकटा असलो की नाय मारत," राजकुमार सांगायचा.

"मंग माझ्याकडं कशाला आणतो? भगताकडं ने!" कडुबा पाना आपटायचा.

पण खरा डोकेदुखीचा भाग पुढंच. स्कॅनर लावला की पडद्यावर एकच ओळ यायची. मिसफायर, सिलिंडर चार.

"पण इंजिन तर तीनचं," शिवम म्हणाला.

"कडुबा हेच म्हणला. जरा शिव्या घालून."

वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. चार. बॅटरी सोडून तासभर गाडी तशीच ठेवली. चार. मेस्त्रीला न सापडणारा दोष एक वेळ चालतो. नसलेल्या जागेतला दोष म्हणजे तोंडावर चापट. पार कावलेल्या कडुबानं शेवटी राजकुमारला बजावलं, "गाडी मारती तवा जशी असती, तशीच आण. तेच पेट्रोल, तीच माणसं, त्याच जागा. काही बदलू नको."

त्या मंगळवारी रात्री ती दोघं शहरातून रत्नमालाच्या बहिणीच्या हळदीहून परतत होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी गाडी गॅरेजपुढं लागली. थरथरतच आली.

"जय भीम, कडुबाभाऊ."

"जय भीम. वहिनी, उतरू नका. हायेत तिथंच बसा."

"मेस्त्रीकडं आले का सोनोग्राफीला?" रत्नमाला हसली. "तिथं पण हेच म्हणतेत, हलू नका."

कडुबानं दोस्ताचा स्कॅनर लावला. शहरातला, नवाकोरा. पडदा उजळला.

मिसफायर, सिलिंडर चार.

कडुबानं हातातलं फडकं जमिनीवर फेकलं. राजकुमार जवळ आला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, राग मानू नका. पण जमत नसंल तर सांगा. मी शोरूमला नेतो. तारीख जवळ आलीय हिची."

हे मात्र कडुबाला लागलं. त्यानं फळीवरचा लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली. ही विद्या त्याला कुठल्या कोर्समध्ये मिळाली नव्हती. बापाकडं साठ मेंढरं होती. गाभण मेंढीच्या कुशीला कान लावून पोटातलं कोकरू ठीक आहे का, हे तो नऊ वर्षांचा असल्यापासून सांगायचा. तोच कान त्यानं पुढं इंजिनाला लावला.

एक. दोन. तीन.

तिन्ही ठोके ठणठणीत. तो मूठ काढणारच होता...

खाली आणखी एक होता.

बारीक. घाईघाईचा. आणि मधेच... नाही. मग परत. मग परत नाही.

कडुबानं इंजिन बंद केलं. डोकं गरम झालं की कान वाजतात, असं स्वतःला सांगितलं. पाना घेतला, तिन्ही कॉइल उपसून काढल्या आणि टेबलावर जुन्या पेपरवर ओळीनं ठेवल्या. बॅटरीच्या उजेडात एकेक फिरवून बघितली. कुठं तडा आहे का, कुठं काळं पडलंय का. काही नाही. राजकुमार बाहेर रस्त्याकडेला फोनवर बोलत होता. एक ट्रक गेला. मग रस्ता शांत.

तेवढ्यात त्याची नजर गाडीत गेली.

किल्ली चालू राहिली होती, म्हणून स्कॅनरचा पडदाही चालू होता. चुकलेले ठोके मोजणारा आकडा त्यावर दिसत होता. इंजिन बंद. आकडा शून्यावर पाहिजे.

सिलिंडर एक, शून्य.

दोन, शून्य.

तीन, शून्य.

चार...

चौदा.

पंधरा.

थांबला.

सोळा.

कडुबानं पडद्याजवळ तोंड नेलं. त्यानं वर बघितलं. रत्नमाला सीटला डोकं टेकून बसली होती. एक हात पोटावर.

सतरा. अठरा.

आता घाईनं चढत होता.

"वहिनी..."

"काय वो?"

"बाळ... शेवटचं कधी हाललं?"

तिनं पोटावरचा हात दाबला. जागा बदलून परत दाबला. थांबली.

"सकाळी..." ती म्हणाली. "सकाळी हाललं होतं. मला वाटलं, दिवसभर धावपळ झाली म्हणून..."

बावीस. तेवीस.

"राजकुमार!" कडुबा असा ओरडला की समोरच्या टपरीवरचं कुत्रं उठून बसलं. "दवाखान्यात ने हिला. आत्ता! मागं फीर!"

"अवो पण गाडीचं..."

"गाडीचं मरू दे! बस आधी!"

"एकशे आठला फोन..."

"ती येईस्तोवर तू पोचशील. बस!"

त्यानं स्कॅनरची वायर हिसडून काढली. बोनेट आदळलं. राजकुमारनं किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. झटका नाही, थरथर नाही. मागचे लाल दिवे शहराकडं लहान होत गेले आणि दिसेनासे झाले.

बारा वाजायला आठ मिनिटं कमी होती.

कडुबा टायरवर बसून राहिला. आपण एका यंत्राच्या आकड्यावरून पोटुश्या बाईला घाबरवून पळवलं, हे त्याला आत्ता कुठं उमगायला लागलं. उद्या राजकुमार येऊन गचांडी धरेल. धरू दे. तसं झालं तर देवच पावला. फोन त्यानं गुडघ्यावर ठेवला होता. साडेबारा. एक. सव्वाला वाजला. पलीकडं राजकुमार.

"भाऊ... मुलगी झाली."

"अन्...?"

"जित्ती हाय. रडली. नाळंचे दोन येढे होते गळ्याला. ठोके गळत होते म्हणले तिचे. लगेच पोट फाडून काढली. डॉक्टरीण बाई म्हणल्या, अर्धा तास उशीर झाला असता तर..." राजकुमारनं नाक ओढलं. मग म्हणाला, "अन् गाडी! एक झटका नाय मारला, भाऊ. सगळ्या रस्त्यानं पाण्यासारखी. काय केलं काय तुम्ही तिला?"

"काय नाय केलं," कडुबा म्हणाला. खरंच म्हणाला.

डोळे पुसून तो उठला. शटर ओढायचं, घरी जायचं, बायकोला उठवून सांगायचं. टेबलावरचा दिवा विझवायला त्यानं हात पुढं केला.

हात तिथंच राहिला.

पेपरवर कॉइल ओळीनं पडलेल्या होत्या.

एक.

दोन.

तीन.

ओट्यावर शिवमनं मोबाइल खाली ठेवला. आत भांड्यांचा आवाज कधीच थांबला होता.

"म्हणजे... ठिणगीच नव्हती?" निशानं विचारलं. सासरी आल्यापासून मोठ्यांच्या बोलण्यात ती पहिल्यांदाच बोलली होती. "मग गाडी गेली कशावर?"

मामा तंबाखू थुंकायला उठले, परत येऊन बसले.

"उजाडल्याबरोबर कडुबा कॉइल पिशवीत घालून पहिल्या बसनं दवाखान्यात गेला. गाडी रातच्या जागीच उभी होती. राजकुमारनं किल्ली फिरवली, तर नुसतं कर्रकर्र. चालू होईना. तो म्हणला, रात्री तर बरी होती. कडुबानं त्याला चहा आणायला पाठवलं. अन् एकट्यानं बोनेट उघडलं."

"मग?"

"कॉइलची तिन्ही भोकं उघडी. अन् आत..." मामांनी आवाज खाली घेतला. "आत वीस किलोमीटरची धूळ बसलेली."